विशेष शिक्षकाचा तास पाहताना

पाठनिरीक्षणाच्या कामाला लागून मला फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. दिव्यांग मुलांच्या एका विशेष वर्गात मी मागच्या बाजूला खुर्ची घेऊन बसले होते. आठ-नऊ वर्षांचा, बोलू न शकणारा एक मुलगा आणि त्याची शिक्षिका टेबलाशी समोरासमोर बसले होते. टेबलावर दोन चित्रे होती, एक चेंडूचे आणि एक पुस्तकाचे. शिक्षिकेने “तुला काय हवं?” एवढेच विचारले आणि ती गप्प राहिली. मुलाचा हात उचलला गेला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि खाली आला. तिने चित्र पुढे सरकवले नाही, प्रश्न पुन्हा विचारला नाही, तिचे दोन्ही हात मांडीवर होते. हात पुन्हा वर गेला, चेंडूच्या चित्राजवळ घुटमळला आणि अखेर बोट चित्रावर टेकले. त्या क्षणी तिने चेंडू त्याच्या हाती दिला आणि म्हणाली, “चेंडू. तुला चेंडू हवा.” या सगळ्यात पाऊण मिनिट तरी गेले असेल. वीस मिनिटांत असे आठ-नऊ वेळा झाले. माझ्या हातातल्या तक्त्यात ‘प्रश्नांचा दर्जा’, ‘विद्यार्थ्यांमधील चर्चा’ आणि ‘पाठाची गती’ असे रकाने होते. पहिल्या दोन रकान्यांत लिहिण्याजोगे मला काही सापडले नाही आणि तिसऱ्यात मी ‘गती मंद, वेळ वाया जातो’ असा शेरा मारून चारपैकी दोन गुण दिले.

तास संपल्यावर तिने स्वतःहून नोंदवही पुढे केली. सहा आठवड्यांपूर्वीच्या पानावर प्रत्येक प्रयत्नापुढे ‘मनगट’ असे लिहिलेले होते, म्हणजे ती त्याचे मनगट धरून हात चित्रापर्यंत नेत होती. पुढच्या पानांवर ‘मनगट’च्या जागी ‘कोपर’ आले होते, त्यानंतर ‘बोट दाखवले’, त्यानंतर ‘नजर’. त्या दिवशीच्या पानावर सगळीकडे एकच खूण होती, ‘स्वतः’. मी ज्या पाऊण मिनिटाला वाया गेलेला वेळ म्हटले होते, ते पाऊण मिनिट मिळवण्यासाठी तिने सहा आठवडे काम केले होते आणि एकेक आधार ठरवून काढून घेतला होता. मी शेरा खोडला आणि तिची क्षमा मागितली. पण तक्ता तोच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी तोच तक्ता घेऊन मला दुसऱ्या एका विशेष शिक्षिकेच्या वर्गात जायचे होते.

तेव्हापासून आजवर या कामात मी जे शिकले, त्याचे सार मला असे वाटते की विशेष शिक्षकाचे मूल्यमापन करणाऱ्याने गुणांचा विचार करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवले पाहिजे: या तासाला ही व्यक्ती नेमक्या कोणत्या भूमिकेत आहे? ‘विशेष शिक्षक’ हे पद एक असले तरी त्या पदाखाली चालणारी कामे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की त्यांना एकच तक्ता लावला, तर त्यात शिक्षकाचे कौशल्य मोजले जातच नाही, मोजली जाते ती त्याच्या वाट्याला आलेली जागा. कोणी सहा-सात मुलांचा स्वतंत्र विशेष वर्ग दिवसभर सांभाळतो, कोणी संसाधन कक्षात तासातासाला येणाऱ्या दोन-तीन मुलांना वाचन किंवा गणित शिकवतो, कोणी नियमित वर्गात विषयशिक्षकाबरोबर सहअध्यापन करतो, कोणी आठवड्याला अनेक शाळांमध्ये फिरून तिथल्या शिक्षकांना मार्गदर्शन करतो, आणि कोणी घरीच असलेल्या बहुविकलांग मुलाच्या अंथरुणाशेजारी बसून शिकवतो. कित्येकदा एकच शिक्षिका एकाच दिवसात यांतल्या तीन भूमिका पार पाडते. सकाळी संसाधन कक्षात तिचा तास पाहिलेला निरीक्षक तिला उत्तम ठरवतो आणि दुपारी सहअध्यापनाचा तास पाहिलेला निरीक्षक तिला ‘सुधारणेची गरज’ असा शेरा देतो. बाई तीच असते आणि दिवसही तोच असतो.

आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठनिरीक्षणाच्या बऱ्याच चौकटींवर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ शार्लट डॅनियलसन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या चौकटीची छाप आहे. तिच्यात नियोजन व पूर्वतयारी, वर्गातील वातावरण, अध्यापन आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या अशी चार क्षेत्रे, त्यांखाली २२ घटक आणि प्रत्येक घटकाच्या चार पातळ्या आहेत. ही चौकट विचारपूर्वक केलेली आहे आणि नियमित वर्गासाठी मला ती आजही उपयोगी वाटते. अडचण तिच्या सर्वोच्च पातळीच्या कल्पनेत येते. तिथे सर्वोत्तम वर्ग म्हणजे ज्यात विद्यार्थी स्वतः प्रश्न विचारतात, चर्चा पुढे नेतात आणि शिक्षक मागे राहतो असा वर्ग. विशेष शिक्षणात मात्र ज्या अध्यापनपद्धतीला संशोधनाचा सर्वांत भक्कम आधार आहे, तिच्यात शिक्षक आधी स्वतः करून दाखवतो, मग मुलाबरोबर करतो, मग मुलाला एकट्याने करू देतो, आणि प्रत्येक पायरीवर चूक लगेच दुरुस्त करतो. हे थेट, पायरीपायरीने शिकवणे उत्तम रीतीने चाललेले असले तरी चर्चेचा रकाना रिकामाच राहतो, आणि त्या रकान्यात गुण मिळावेत म्हणून शिक्षिकेने निरीक्षणाच्या दिवशी ‘गटचर्चा’ घडवून आणली, तर त्या दिवशी मुलांचे नुकसान होते. असे मी पाहिले आहे.

या चौकटीबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. चार क्षेत्रांपैकी मधली दोनच वर्गात बसून दिसतात. पहिले आणि चौथे, म्हणजे तयारी आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या, कागदपत्रांवरून आणि बोलण्यातून पाहावी लागतात. विशेष शिक्षकाच्या कामाचा फार मोठा भाग नेमका या दोन न दिसणाऱ्या क्षेत्रांत असतो: मुलाची सुरुवातीची पातळी मोजणे, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (त्या एका मुलासाठी ठरवलेली उद्दिष्टे) बांधणे, साहित्य बदलून घेणे, पालकांशी आणि उपचारतज्ज्ञांशी बोलणे, रोजच्या नोंदींवरून पुढच्या आठवड्याचा निर्णय घेणे. निरीक्षक मात्र वर्गात चाळीस मिनिटे बसतो आणि उरलेली दोन क्षेत्रे शेवटच्या पाच मिनिटांत भरून टाकतो.

अमेरिकेत कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रेन या विशेष शिक्षणातल्या व्यावसायिकांच्या संघटनेने, विशेष शिक्षकांच्या तयारीवर काम करणाऱ्या सीडार केंद्राच्या सहकार्याने, २०१७ मध्ये विशेष शिक्षकासाठी अत्यावश्यक मानलेल्या कार्यपद्धतींची एक यादी प्रसिद्ध केली. योगायोगाने त्याही २२च होत्या, पण त्यांची विभागणी पाहिली की दृष्टीतला फरक लगेच ध्यानात येतो. चार गटांपैकी पहिला गट सहकार्याचा होता आणि दुसरा मूल्यनिर्धारणाचा, म्हणजे मुलाची पातळी मोजण्याचा. सामाजिक-भावनिक व वर्तनविषयक गट त्यांच्यानंतर होता आणि अध्यापनाचा गट शेवटी. बॉयसी स्टेट विद्यापीठात ‘रिसेट’ या नावाने विशेष शिक्षकांसाठी स्वतंत्र निरीक्षण-तक्तेही तयार झाले. वेगळ्या कामाला वेगळे मोजमाप हवे, हे म्हणणे माझ्या एकटीचे नाही, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

आता संसाधन कक्षाकडे येते. तिथे पाहण्यासारखे पुष्कळ असते, पण ते बारीक असते. एका शिक्षिकेजवळ वाचनासाठी आलेल्या मुलीने ‘पाणी’ हा शब्द ‘पणी’ असा वाचला. शिक्षिका “चूक” असे म्हणाली नाही आणि बरोबर शब्दही तिने सांगून टाकला नाही. तिने पेन्सिलीचे टोक काना असलेल्या जागी ठेवले आणि विचारले, “हे काय?” मुलगी म्हणाली, “आ.” “मग?” “पा… पाणी.” शिक्षिकेने तिला ते सबंध वाक्य पुन्हा वाचायला लावले. तीन वाक्यांनंतर तिने स्वतः एका कोऱ्या कागदावर ‘पान’ आणि ‘पण’ हे दोन शब्द शेजारीशेजारी लिहून तिच्यापुढे ठेवले. मुलीने दोन्ही बरोबर वाचले. शिक्षिकेने समासात एक छोटी खूण केली आणि पाठ पुढे गेला. हे सगळे दीड मिनिटात झाले. चूक नेमकी कुठे आहे हे ओळखणे, इशारा लागेल तेवढाच देणे, दुरुस्त झालेला शब्द पुन्हा वाक्यात बसवणे, थोड्या वेळाने तीच अडचण वेगळ्या रूपात पुढे आणणे आणि त्याची नोंद ठेवणे, एवढी पाच कामे त्या दीड मिनिटात होती. ज्याला वाचन शिकवण्याचे शास्त्र ठाऊक नाही, त्याला तिथे फक्त एक मुलगी अडखळत वाचताना दिसेल.

म्हणून संसाधन कक्षात मी गुणांआधी मोजणी करते. दहा मिनिटांत मुलाला प्रतिसाद देण्याची संधी किती वेळा मिळाली, त्यांतले किती प्रतिसाद बरोबर होते, चुकीनंतर शिक्षिकेने काय केले आणि प्रश्न विचारल्यावर ती किती वेळ थांबली. थांबण्याचे महत्त्व अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले होते: शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागतात. ते निरीक्षण नियमित वर्गांतले होते. ज्या मुलाला ऐकलेले समजून घ्यायलाच अधिक वेळ लागतो, त्याच्यासाठी तीन सेकंदही अपुरे ठरतात. पण संसाधन कक्षातले मूल्यमापन तेवढ्यावर संपत नाही. ती मुलगी तिथे दिवसाला एक तास असते आणि उरलेला दिवस आपल्या वर्गात असते. तिथल्या वहीत ‘पाणी’ बरोबर उतरते की नाही, हे पाहिल्याशिवाय मी आता संसाधन कक्षाबद्दल मत लिहीत नाही.

सहअध्यापन हा सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग आहे आणि सर्वाधिक अन्यायही इथेच होतो, असे माझे मत आहे. लिन कुक आणि मेरिलिन फ्रेंड यांच्या १९९० च्या दशकातील मांडणीतून सहअध्यापनाचे जे प्रकार रूढ झाले, ते साधारणपणे सहा सांगितले जातात: एकाने शिकवणे व दुसऱ्याने निरीक्षण करणे, एकाने शिकवणे व दुसऱ्याने फिरून मदत करणे, वर्गाचे दोन भाग करून समांतर शिकवणे, निरनिराळ्या केंद्रांवर गट फिरवणे, एका छोट्या गटाला वेगळ्या पद्धतीने शिकवणे आणि दोघांनी मिळून एकत्र शिकवणे. २००७ मध्ये स्क्रग्ज, मॅस्ट्रोपिएरी आणि मॅकडफी यांनी ३२ गुणात्मक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रत्यक्षात सर्वाधिक आढळलेला प्रकार दुसरा होता. विषयशिक्षक शिकवतो आणि विशेष शिक्षिका बाकांमधून फिरत मदत करते.

आता निरीक्षक येतो आणि ‘अध्यापन’ या रकान्यासमोर विशेष शिक्षिकेला गुण देऊ लागतो. ती फळ्याशी नाही. ती फारशी बोलत नाही. ती वाकून कोणाच्या तरी वहीत बोट ठेवते आहे. तिला कमी गुण पडतात, आणि पुढच्या निरीक्षणाच्या वेळी ती बिचारी कारण नसताना पाच मिनिटे फळ्यापाशी उभी राहून काहीतरी समजावून सांगते. मी एका विज्ञानाच्या तासाला बसले होते, तिथे फळ्यावर प्रयोगाच्या पायऱ्या चार चौकटींत, प्रत्येक चौकटीत एक चित्र आणि एक क्रियापद, अशा मांडलेल्या होत्या. विषयशिक्षक त्या चौकटींवर बोट ठेवत शिकवत होते. वर्गातली सगळीच मुले पुन्हापुन्हा त्या चौकटींकडे पाहत होती. तास संपल्यावर सहज विचारले तेव्हा कळले की ती मांडणी विशेष शिक्षिकेची होती, आदल्या दिवशी दोघांनी बसून ठरवलेली. तासातला सर्वांत प्रभावी भाग तिचा होता, आणि तास चालू असताना मला ती फक्त मागच्या बाकापाशी उभी असलेली दिसली होती.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली आहे. सहअध्यापनाचा तास पाहण्याआधी दोघांनाही एकत्र भेटते आणि आज कोणत्या प्रकारे शिकवणार आहात व तोच प्रकार का निवडला, हे विचारते. तास संपल्यावर दोघांनाही वेगवेगळे भेटून एकच प्रश्न विचारते: “आजचा पाठ कोणत्या तीन मुलांना अवघड जाईल असं आधी वाटलं होतं आणि त्यासाठी काय केलं?” दोघांच्या उत्तरांत तीच मुले आली आणि केलेली तरतूदही जुळली, तर त्या वर्गात सहअध्यापन खरोखर होते आहे. विषयशिक्षक म्हणाले की “ते बाईंना विचारा, ती मुलं त्यांची आहेत,” तर तिथे एका वर्गात दोन वर्ग भरत आहेत, आणि त्याचा दोष एकट्या विशेष शिक्षिकेच्या माथी मारणे योग्य नाही. दोघांना एकत्र नियोजन करण्यासाठी वेळापत्रकात एकही तास दिलेला नसेल, तर ‘सहकाऱ्यांसोबत नियोजन’ या रकान्यात मी गुण देतच नाही. तिथे ‘वेळ उपलब्ध करून दिलेला नाही’ असे लिहिते आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाईल याची काळजी घेते.

विशेष वर्गात मदतनीसही असतात, आणि त्यांच्याकडून काम करून घेणे हाही शिक्षकाच्या कौशल्याचा भाग आहे. मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले होते की मदतनीस मुलाला सतत चिकटून बसला, तर मूल वर्गमित्रांपासून तुटते, परावलंबी होते आणि वर्गशिक्षकही त्याची जबाबदारी स्वतःची मानत नाही. म्हणून मदतनीसाची खुर्ची कुठे आहे, हे मी आवर्जून पाहते. ती मुलाच्या बाकाला खेटून असेल तर विचारते, आणि “गेल्या महिन्यात बाकाशेजारी होती, आता खिडकीजवळ नेली आहे, पुढच्या महिन्यात दाराजवळ नेणार,” असे उत्तर मिळाले, तर त्या एका वाक्यातून शिक्षिकेचे नियोजन कळते.

निरीक्षण चालू असताना एखादे मूल अस्वस्थ होऊन ओरडू लागले, वस्तू फेकू लागले, तर शिक्षकाच्या मनावर केवढा ताण येतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच कळेल. ‘वर्गनियंत्रण’ या रकान्यात निरीक्षक काय लिहील, ही धास्ती असते आणि त्या धास्तीपायी शिक्षक नेहमीपेक्षा घाईने हस्तक्षेप करतो. अशा प्रसंगावरून मत बनवायचेच असेल, तर ते प्रसंग घडला की नाही यावरून बनवू नये. त्याआधीची चिन्हे शिक्षिकेने ओळखली का, इतर मुलांचे काम चालू राहिले का, तिचा आवाज खाली आला की वर गेला, मूल शांत झाल्यावर त्याला अपमान न करता पुन्हा कामाकडे आणले का, हे पाहावे. शिवाय नोंदवहीत अशा प्रसंगांचा कालावधी लिहिलेला असतो. दोन महिन्यांपूर्वी पंचवीस मिनिटे चालणारा प्रसंग आज सहा मिनिटांत आटोपला असेल, तर निरीक्षकाने त्या दिवशी शिक्षिकेची प्रगतीच पाहिली आहे.

मुलांच्या निकालावरून शिक्षकाला जोखावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत २००९ च्या ‘रेस टू द टॉप’ या योजनेने विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे आकडे शिक्षकांच्या मूल्यमापनात धरण्याला मोठे प्रोत्साहन दिले आणि २०१५ मध्ये आलेल्या नव्या शिक्षण कायद्यानंतर तसे करण्याचा केंद्रीय आग्रह संपला. विशेष शिक्षणात या आकड्यांची अडचण अगदी साधी आहे. वर्गात मुले सहा असली, तर एका मुलाचे औषध बदलले किंवा एक मूल महिनाभर आजारी पडले, तरी सरासरी कुठल्या कुठे जाते. संसाधन कक्षात येणाऱ्या मुलाची प्रगती दोन शिक्षकांच्या हातची असते आणि ती कोणाच्या नावावर किती लिहायची, हे कोणत्याही सूत्राने प्रामाणिकपणे सांगता येत नाही. आणि ज्या परीक्षेवरून हे आकडे काढायचे, ती अनेक मुलांना तर लागूच नसते.

मग वैयक्तिक आराखड्यातली किती उद्दिष्टे पूर्ण झाली, यावरून गुण द्यावेत, ही सूचना पुढे येते. वरवर ती रास्त वाटते, पण तिच्यात मोठा धोका आहे. उद्दिष्ट ठरवणारी व्यक्ती आणि त्यावरून जोखली जाणारी व्यक्ती एकच झाली की उद्दिष्टे हळूहळू सोपी होत जातात, आणि त्यात शिक्षकाची लबाडी असतेच असे नाही, माणूस स्वाभाविकपणे सावध होतो. कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रेनने २०१२ मध्ये विशेष शिक्षकांच्या मूल्यमापनाविषयी भूमिका मांडली, तेव्हा आराखड्यातील उद्दिष्टांवरची प्रगती शिक्षकाचे मोजमाप म्हणून वापरू नये असेच म्हटले होते. आराखडा मुलासाठी असतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एंड्रू एफ. या मुलाच्या प्रकरणात एकमताने असे ठरवले की आराखडा मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती घडवून आणण्याच्या दृष्टीने आखलेला असला पाहिजे, नावापुरती प्रगती पुरेशी नाही. मूल्यमापनाच्या भीतीने उद्दिष्टे खाली आणली गेली, तर या अपेक्षेलाच हरताळ फासला जातो.

त्यापेक्षा मला किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्यसेवेसाठी मांडलेली उद्दिष्टपूर्तीची श्रेणी अधिक उपयोगी वाटते. तिच्यात अपेक्षित प्रगतीला शून्य, त्याहून थोडी व बरीच अधिक प्रगती झाल्यास अधिक एक व अधिक दोन, आणि कमी झाल्यास उणे एक व उणे दोन असे पाच टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर मूल नेमके काय करताना दिसेल, हे आधीच शब्दांत लिहून ठेवावे लागते. मी ती गुण देण्यासाठी वापरत नाही, शिक्षिकेशी बोलण्यासाठी वापरते. उणे एक आल्यावर तिने काय बदलले, कधी बदलले आणि कोणत्या नोंदीवरून बदलले, या प्रश्नांची उत्तरे जिला देता येतात, ती माझ्या लेखी चांगली शिक्षिका आहे, मग मुलाचा आकडा काहीही असो.

निरीक्षकाविषयीही बोलले पाहिजे. विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण नसलेल्या निरीक्षकावर हे काम सोपवले जाते, तेव्हा तो स्वाभाविकपणे त्याला जे ओळखता येते तेवढेच पाहतो: भिंतीवरचे तक्ते, मुलांची शांतता, शिक्षिकेचा प्रसन्न चेहरा. त्याच्याबरोबर निदान एक तरी जाणकार व्यक्ती बसावी, दोघांनी एकाच तासाला स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मग ते ताडून पाहावेत. पहिल्या काही वेळा तफावत मोठी निघते. ती का निघाली, यावरची चर्चा हेच निरीक्षकाचे खरे प्रशिक्षण असते. ध्वनिचित्रमुद्रण करून नंतर पाहणेही फार उपयोगी पडते, पण त्यासाठी पालकांची लेखी संमती हवी आणि ते मुद्रण त्या कामापलीकडे कुठेही जाता कामा नये.

फिरत्या विशेष शिक्षकांचे मूल्यमापन मला बराच काळ जमत नव्हते, कारण त्यांचा असा तासच नसतो. श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या एका शिक्षिकेबरोबर मी दिवसभर फिरले. तिने एका मुलीच्या श्रवणयंत्राची बॅटरी तपासली, एका शिक्षकाशी दाराशी उभ्या उभ्या सात मिनिटे बोलली, एका वर्गात मुलीची जागा बदलायला सुचवली, आणि निघाली. तक्त्यात लिहिण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. म्हणून पुढच्या आठवड्यात, ती येणार नव्हती अशा दिवशी, मी त्यांपैकी एका वर्गात जाऊन बसले. वर्गशिक्षिका फळ्यावर गणित मांडत होत्या. लिहिताना त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. लिहून झाल्यावर वळल्या, दुसऱ्या रांगेतली मुलगी आपल्या चेहऱ्याकडे पाहते आहे याची खात्री करून घेतली आणि मगच समजावू लागल्या. मागच्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिले, तेव्हा त्यांनी ते उत्तर त्या मुलीकडे तोंड करून पुन्हा एकदा म्हटले. तासानंतर मी विचारले की ही सवय पूर्वीपासूनची आहे का. त्या म्हणाल्या, “नाही हो. आधी मी फळ्याशीच बोलायचे. त्या मॅडम यायला लागल्या तेव्हापासून.” मी फिरत्या शिक्षिकेचे नाव असलेला तक्ता काढला आणि ‘अध्यापन’ या रकान्यात, तिच्या गैरहजेरीत पाहिलेले ते सगळे, वेळेसकट लिहिले.